भरून पावल्याची पावती

एका वाचक बंधूंचे चार पानांचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांची आणि त्यांच्या मंडळीची (चर्चची) ओळख पटेल असा तपशील गाळून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

"मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, कधी चुकवलेला नाही. आमच्या चर्चचे गळके पत्रे काढून स्लॅब टाकायचे पंचकमिटीने ठरवले, तेव्हा निवृत्तीच्या रकमेतून १,५०,००० रुपये वडिलांच्या स्मरणार्थ दिले. वडील मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकले. त्यांचा खर्च परदेशातले कोणीतरी पाठवत असे. त्या माणसाचे नाव वडिलांना अखेरपर्यंत कळले नाही. स्लॅबच्या समर्पणाच्या उपासनेत सेक्रेटरींनी देणगीदारांची यादी वाचली आणि तीत माझे नाव राहून गेले. ११,००० रुपये देणाऱ्या एका ठेकेदार बंधूंना मात्र शाल आणि श्रीफळ मिळाले. मी प्रीतिभोजनाला न थांबता घरी आलो. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पत्नी म्हणाली, 'देवाला दिलं होतं ना? मग यादीत नाव होतं का ते देवालाच विचारा.' चौथ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि माझे नाव व रक्कम कोरलेली संगमरवरी पाटी दाराशी बसवू म्हणाले. मी अजून हो किंवा नाही म्हटलेले नाही. सेक्रेटरींशी तेव्हापासून बोलणे नाही. पुढे हंगामी सणाला, म्हणजे सुगीच्या उपासनेला, अर्पणांचा लिलाव होतो त्यात त्याच ठेकेदारांशी चढाओढ करून मी एक भोपळा ४,५०० रुपयांना घेतला आणि तो घरी आणताना माझी मलाच लाज वाटली. आणखी एक दुखणे आहे. मंडळीतल्या एका विधवा बहिणीच्या मुलीची नर्सिंगची फी मी दोन वर्षे भरतो आहे. ती हल्ली मला पाहून रस्ता बदलते, याचे मला फार लागले आहे. माझे दान खोटे होते काय? पाटी घ्यावी की नको? मन शुद्ध होईपर्यंत देणे थांबवावे असे वाटते. ते बरोबर आहे का?"

प्रिय बंधू,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला मुदत आहे. देणे थांबवू नका. त्या मुलीच्या फीचा पुढचा हप्ता तुमच्या मनाची झाडलोट पूर्ण होण्याची वाट पाहणार नाही. आणि खरे सांगायचे तर, ज्या दिवशी आपण "आता माझा हेतू निर्मळ झाला" असे स्वतःला सांगू, तो दिवस नम्रतेच्या दृष्टीने फारसा भरवशाचा नसेल. प्रेषित पौलाने तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिले आहे की, कोणी हेव्याने आणि चढाओढीने ख्रिस्ताची घोषणा करतात, कोणी सदिच्छेने करतात, तरी कोणत्याही रीतीने ती होते आहे यात त्याला आनंदच आहे. भुकेल्याच्या ताटात पडलेली भाकरी वाढणाऱ्याच्या मनात काय चालले होते यावरून कमी किंवा जास्त पोट भरत नाही. तुमच्या पैशाने झालेल्या स्लॅबखाली मंडळी कोरडी बसते, हे तुमच्या मनात काहीही असले तरी खरेच राहते.

मात्र हाच पौल करिंथकरांना असेही लिहितो की, मी माझे सर्व धन अन्नदानासाठी दिले आणि माझ्या ठायी प्रीती नसली, तर मला काही लाभ नाही. ही दोन वचने शेजारी शेजारी ठेवून वाचा. घेणाऱ्याचा लाभ दान पोहोचताच होऊन जातो. देणाऱ्याचा लाभ मात्र दुसऱ्या एका गोष्टीवर अवलंबून असतो. तुमच्या पत्रातली सारी तळमळ या दुसऱ्या लाभाविषयी आहे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, लोकांनी वाखाणावे म्हणून सभास्थानांत आणि रस्त्यांत आपल्यापुढे कर्णे वाजवणाऱ्यांविषयी येशू म्हणतो, "ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत." लहानपणापासून हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातल्या शब्दांकडे आपले लक्षच जात नाही. मूळ ग्रीकमध्ये येथे जो शब्द आहे तो त्या काळच्या देवघेवीतला आहे. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांवर आणि खापरांवर लिहिलेल्या पावत्यांत, रक्कम पुरी मिळाली हे सांगायला तोच शब्द वापरलेला आढळतो. आपल्याकडेही जुन्या दस्तऐवजांत "रोख भरून पावलो" असे लिहून खाली सही किंवा अंगठा होत असे, आणि आपला 'पावती' हा शब्द त्याच 'पावणे'शी जोडलेला आहे. मराठी पवित्र शास्त्रात (बायबलात) आलेले हे 'भरून पावले' इतके नेमके आहे की मला त्याविषयी नेहमी कृतज्ञता वाटते. ज्याला लोकांची वाहवा हवी होती, त्याला ती मिळाली, हिशेब चुकता झाला, आता देवाकडे त्याचे काही येणे उरले नाही. दान खोटे ठरते असे येशू येथे म्हणत नाही. त्याचे खाते बंद झाले, एवढेच म्हणतो.

आता त्या तीन रात्रींकडे पाहा. तुम्ही दुःखी होतात, हे मी समजू शकते. पण ते दुःख कसले होते हे तुम्ही स्वतःच प्रामाणिकपणे लिहिले आहे. येणे वसूल न झालेला माणूस जसा जागतो, तसे तुम्ही जागलात. दीड लाख रुपये देताना तुम्ही मनाच्या एका कोपऱ्यात एक लहानसे बिलही फाडले होते, आणि ते तुम्हालाही ठाऊक नव्हते; यादीतून नाव गळले तेव्हाच ते तुमच्या हाती लागले. यात घाबरून जाण्यासारखे काही नाही. जवळजवळ प्रत्येक देणारा असे बिल फाडतो, आणि ज्याचे नाव नेहमी वेळेवर वाचले जाते त्याला ते आयुष्यभर सापडत नाही. पुढची गोष्ट मात्र मी तुम्हाला अगदी आग्रहाने सांगते: तुमचे येणे कोणी चुकते केलेले नाही. येशूच्या हिशेबाप्रमाणे ज्याची पावती लोकांकडून मिळाली नाही तेच दान गुप्तदर्शी पित्याच्या हातात अजून शिल्लक आहे. सेक्रेटरींच्या हातून जी ओळ सुटली तिच्यामुळे तुमचे खाते उघडे राहिले. ज्यांना शाल मिळाली त्यांच्याविषयी मात्र तुम्ही आणि मी काहीही ठरवू नये. त्यांच्या ११,००० रुपयांमागे कोणती ओढाताण होती आणि शाल खांद्यावर पडताना त्यांना काय वाटले, हे आपल्याला दिसत नाही.

अशा वेळी पाळकसाहेब पाटीचे बोलले. ते प्रेमळ मनाने बोलले असणार, यात शंका नाही. पण त्या पाटीवर तुमचे नाव आणि रक्कम आली, की उघडे राहिलेले खाते तुम्ही आपल्या हाताने बंद केल्यासारखे होईल, आणि तेही संगमरवरावर. म्हणून माझे उत्तर 'नको' असे आहे. हे उत्तर मी सगळ्यांसाठी आणि सगळ्या पाट्यांसाठी देत नाही. पवित्र शास्त्राला नावांचे वावडे नाही. कुप्र (सायप्रस) बेटावरच्या बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले, हे प्रेषितांच्या कृत्यांत नावानिशी नोंदले आहे, आणि त्याच्या नम्रतेवर कोणी शंका घेत नाही. त्याच्याच पाठोपाठ हनन्या आणि सप्पीरा या, शेत विकून काही पैसे मागे ठेवणाऱ्या जोडप्याची गोष्ट येते, आणि तिच्याविषयी एक गैरसमज आपल्या मंडळ्यांत फार पसरलेला आहे की त्यांना शिक्षा झाली ती पैसे राखून ठेवल्याबद्दल. प्रेषित पेत्र तर हनन्याला स्पष्ट म्हणतो की शेत तुझेच होते आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते. त्यांनी थोडे दिले असते तरी चालले असते. थोडे देऊन सगळे दिल्याचा मान त्यांना हवा होता. बर्णबाच्या नावापाठोपाठ जी वाहवा झाली असेल, ती त्यांना स्वस्तात हवी होती, असे मला ती गोष्ट वाचताना नेहमी वाटते.

तेव्हा नाव असणे हा दोष नाही. पण तुमच्या बाबतीत एक विशेष कारण आहे, आणि ते तुम्हीच पत्रात लिहून, बहुधा नकळत, पुढे गेला आहात. तुम्ही दान दिले ते वडिलांच्या स्मरणार्थ. आणि वडिलांचे शिक्षण झाले ते अशा माणसाच्या पैशाने, ज्याचे नाव त्यांना कधी कळले नाही. आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या मुळाशी असे कोणीतरी आहे. १८७६ ते १८७८ च्या आणि पुढे १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत मिशनच्या अनाथालयांनी आणि बोर्डिंगांनी जी मुले जगवली, त्यांची नातवंडे-पतवंडे आज आपल्या बाकांवर बसतात. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून केडगावला आणलेल्या मुलींनाही ज्यांनी खाऊ घातले, त्यांतले बहुतेक समुद्रापलीकडचे अनोळखी लोक होते. त्या काळच्या दानाविषयी आपल्या समाजात कडू बोलणेही झालेले आहे, आणि जेथे भाकरीच्या बदल्यात काही मागितले गेले तेथे ते बोलणे खरेही आहे. म्हणून तर ज्यांनी काही मागितले नाही त्यांची आठवण मला अधिक मोलाची वाटते. तुमच्या वडिलांसाठी दरवर्षी मनिऑर्डर किंवा चेक लिहिणारा तो माणूस, किंवा ती बाई, कशी होती हे आपल्याला कधीच कळणार नाही. ते शिकले, त्यांनी तुम्हाला शिकवले, आणि तुम्ही सारी नोकरी गावोगावच्या मुलांना शिकवण्यात घालवली, ही साखळी त्या अनामिकाने पाहिली नाही. वडिलांच्या स्मरणार्थ दिलेले दान ज्या रीतीने वडिलांपर्यंत पोहोचले होते त्याच रीतीने पुढे जावे, यापेक्षा त्यांचे यथायोग्य स्मारक मला सुचत नाही. पाळकसाहेबांना हीच गोष्ट सांगा. ते समजून घेतील. फार तर वडिलांचे नाव, रकमेशिवाय, मंडळीच्या समर्पणाच्या नोंदवहीत एका ओळीत लिहून ठेवा म्हणावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण गुप्तदानाच्या नावाखाली आपल्या मंडळ्यांत हिशेबाचा गोंधळही झालेला मी पाहिला आहे. मी स्वतः अनेक वर्षे मंडळीची खजिनदार होते. नाव लोकांत न वाचणे वेगळे आणि वहीत न लिहिणे वेगळे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांनी जी वर्गणी जमवली, ती नेताना पौलाने मुद्दाम मंडळ्यांनी निवडलेले बंधू सोबत घेतले, आणि त्याचे कारणही लिहिले की एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणी आपल्याला दोष लावू नये, म्हणून प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही जे योग्य ते आम्ही करतो. दान स्तुतीपासून लपवायचे, तपासणीपासून लपवायचे नाही. खजिनदाराकडून छापील पावती घ्या, ती घरी फाईलला लावा, आणि तिचे तेवढेच काम आहे असे समजा.

आता डाव्या हाताविषयी. दान देताना उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, असे येशू मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायात म्हणतो. "या हाताचे त्या हाताला कळू देऊ नये" हे आपल्या बोलण्यात म्हणीसारखे मुरले आहे, आणि आपण त्याचा अर्थ शेजाऱ्याला कळू देऊ नये असा घेतो. पण डावा हात शेजाऱ्याचा नसतो, तो आपलाच असतो. संत ऑगस्टीन यांनी डोंगरावरच्या प्रवचनाचे विवरण करताना याचा बराच विचार केला आणि शेवटी डावा हात म्हणजे स्तुतीची हाव, असा अर्थ लावला. मला त्यात आणखी एक भर घालावीशी वाटते. जो माणूस देताना आणि दिल्यावर सतत आपल्याच हेतूची नाडी पाहत बसतो, त्याचा डावा हातही जागाच असतो. उजव्या हाताची स्तुती करण्याऐवजी तो त्याची झडती घेतो, इतकाच फरक. तुमच्या चार पानी पत्रात 'मी' आणि 'माझे' हे शब्द किती वेळा आले आहेत ते पाहा. हे मी टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. मन दुखले की असेच होते. पण मत्तयाच्याच पंचविसाव्या अध्यायात उजवीकडच्या लोकांना राजा जेव्हा म्हणतो की मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले, तेव्हा ते गोंधळून विचारतात, "प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले?" त्यांना आठवतच नाही. आपला हेतू शुद्ध होता की नव्हता, हेही त्यांना आठवत नाही. त्यांनी समोरच्याची भूक पाहिली, तिच्याकडे पाहता पाहता स्वतःकडे पाहायचे राहून गेले.

म्हणून हेतू सुधारायचा असेल तर मनात खोल उतरून बसण्यापेक्षा देण्याच्या रीती बदलणे अधिक उपयोगाचे आहे, असे माझे अनुभवाचे मत आहे. जुन्या लोकांना हे चांगले कळत होते. यरुशलेमेच्या मंदिरात एक 'गुप्त दालन' होते, असे मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात सांगितले आहे. पापभीरू माणसे त्यात गुपचूप पैसे ठेवत आणि चांगल्या घरातले, पण परिस्थितीने गांजलेले लोक त्यातून गुपचूप घेऊन जात. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेली संत व्हिन्सेंट दी पॉल यांच्या नावाची संस्था आज वसईच्या धर्मग्रामांतही (पॅरिशांतही) काम करते. तिच्या बैठकीत सदस्यांमध्ये एक पिशवी फिरवली जाते, प्रत्येक जण तीत मूठ घालतो, आणि कोणी किती टाकले किंवा काहीच टाकले की नाही, हे शेजारच्यालाही कळत नाही. मिझोराममधल्या ख्रिस्ती स्त्रिया १९१० सालापासून प्रत्येक वेळच्या स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि मंडळीच्या कामाला लागतो. चुलीपाशी, कोणी पाहत नसताना काढलेल्या मुठीत मिरवण्यासारखे काही उरतच नाही, आणि इतक्या वर्षांत त्या मुठींनी फार मोठे काम उभे केले आहे.

यावरून तुमच्या भोपळ्याकडे येते. हंगामी सणाचा लिलाव बंद करावा, अशा मताची मी नाही. उपासनेनंतर चर्चच्या आवारात ताडपत्री पसरलेली, तिच्यावर कणसे, भेंडी, दुधी, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला कोंबडा, आणि घेतलेली वस्तू पुन्हा लिलावात परत देणारी माणसे, ही आपल्या मंडळीच्या वर्षातली सर्वांत आनंदाची दुपार असते. पण त्याच दुपारी मी एकदा जे पाहिले ते विसरू शकत नाही. अशाच एका भोपळ्यावर बोली चढत होती, लोक टाळ्या देत होते, आणि एक म्हातारी बहीण पदराच्या गाठीत बाजरी बांधून मागे उभी होती. शेर-दीड शेर असेल. लिलाव करणाऱ्या बंधूंनी तिला पुढे बोलावले, "आजी, आणा, बोली लावू." ती पुढे आली, पण तिने बाजरी त्यांच्या हातात दिली नाही. ताडपत्रीच्या कोपऱ्यात सगळ्यांनी आणलेल्या बाजरीचा ढीग होता, त्यावर वाकून तिने गाठ सोडली आणि पदर झटकला. तिची बाजरी कोणती आणि दुसऱ्याची कोणती हे त्या क्षणी संपले. तिच्या वाट्याला बोली आली नाही आणि टाळ्याही आल्या नाहीत, आणि ती तशीच मागे जाऊन बसली. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली होती. तिला पाहिले मात्र त्या दुपारी.

पुढच्या सणाला तुम्ही बोलीच लावू नये, असा माझा सल्ला आहे. निदान एक वर्ष. जी रक्कम बोलीत गेली असती ती दर रविवारच्या पाकिटांत वाटून टाका. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, असे पौलाने करिंथकरांना सांगितले त्यात मोठे शहाणपण आहे, कारण दर आठवड्याला दिलेल्या लहान रकमेची कोणी शोभायात्रा काढत नाही, आणि काही महिन्यांनी आपल्यालाही ती लक्षात राहत नाही.

त्या मुलीविषयी लिहिताना मला थोडी कठोर भाषा वापरावी लागणार आहे, ती मोठ्या बहिणीची समजून ऐकून घ्या. ती कृतघ्न आहे म्हणून रस्ता बदलते, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. वीस वर्षांची मुलगी, वडील नाहीत, आई मोलमजुरी करते की शिवणकाम हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "सरच फी भरतात ना तुझी?" तुम्ही समोर दिसलात की तिला तुम्ही दिसत नाही, रक्कम दिसते. भेटीत तुम्ही तिला निकालाविषयी विचारत असाल, टक्केवारी विचारत असाल, ती काळजीपोटीच. पण ज्याच्यापुढे आपण देणेकरी आहोत त्याच्या तोंडून तो प्रश्न कसा ऐकू येतो, हे तुमच्या वडिलांना विचारता आले असते तर त्यांनी सांगितले असते. त्यांना तरी परदेशातल्या दात्याला रस्त्यात भेटावे लागत नव्हते. घेणाऱ्याचाही मान असतो, आणि तो राखणे हे देण्याच्या कामातच येते. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जे काम सुरू केले, त्यात मला सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर असलेल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका केले, आणि ज्यांना समाज कायम घेणाऱ्यांच्या रांगेत उभा करत होता त्यांच्या हातात गावाचे आरोग्य दिले.

तेव्हा असे करा. पुढचे हप्ते पाळकसाहेबांमार्फत थेट कॉलेजच्या खात्यात भरा, आणि "मंडळीच्या शिक्षण निधीतून" एवढेच त्या घरी कळू द्या. त्यासाठी पंचकमिटीच्या वहीत रीतसर निधी उघडावा लागेल, तो उघडा आणि त्यात आणखी कोणाला भर घालायची असेल तर घालू द्या, म्हणजे ते नाव खोटेही ठरणार नाही. आतापर्यंतचे तिला ठाऊक आहे, ते पुसता येणार नाही. पण तिच्या आईला एकदा सांगा की यापुढे माझा याच्याशी संबंध नाही, आणि मग तो खरोखरच ठेवू नका. निकाल विचारू नका. ती पास झाल्यावर तिला उपासनेत उभे करून आभार मानायला लावण्याची सूचना कोणी केली, तर ती तुम्ही मोडून काढा. काही महिन्यांनी ती रस्ता बदलायची थांबेल, किंवा थांबणार नाही, दोन्ही चालेल.

तुमच्या पंचकमिटीलाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण सगळा भार तुमच्या एकट्याच्या हेतूवर टाकणे न्यायाचे होणार नाही. रकमेप्रमाणे याद्या वाचायच्या, शाली द्यायच्या, आणि मग लोक नावासाठी देतात म्हणून प्रवचन करायचे, हे बरोबर नाही. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी बसायला सांगणाऱ्या मंडळीची याकोबाने आपल्या पत्रात केलेली कानउघाडणी आपल्या उपासनेतही वाचली जाते. एकूण किती जमले, किती खर्च झाले आणि किती शिल्लक आहे, हे तीन आकडे मंडळीपुढे वाचावेत. नावे वाचू नयेत. तुम्ही मुख्याध्यापक होता, तुमच्या शब्दाला वजन आहे, ही सूचना तुम्हीच मांडू शकाल. पण ती मांडण्याआधी एक काम बाकी आहे, नाहीतर सूचनेमागे तुमचाच राग आहे असे लोक म्हणतील, आणि ते अगदीच चूक असणार नाही.

ते काम सेक्रेटरींकडे जाण्याचे आहे. वेदीपाशी दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, असे येशूने सांगितले आहे. त्यांच्याविरुद्ध तुमच्या मनात आहे, हे तर खरेच. पण इतके दिवस तुम्ही बोलत नाही म्हटल्यावर त्यांच्याही मनात काही साचलेच असेल. यादी करताना ओळ सुटणे ही चूक कोणाच्याही हातून होते, माझ्या हातून तर अनेकदा झाली आहे, आणि ज्याची ओळ सुटली त्याच्यापेक्षा ती सोडणारा कधी कधी अधिक रात्री जागतो. येत्या रविवारी घंटेच्या जरा आधीच चर्चमध्ये जा. ते रजिस्टर घेऊन दाराशीच असतील. यादीचा विषय काढू नका, पाटीचाही नको. इतके दिवस बोललो नाही याची माफी मागा आणि त्यांच्याच बाकावर बसा. दानार्पणाचे गीत सुरू होईपर्यंत पाकीट खिशातच असू द्या.

तुमची बहीण